प्रायमरीचा पाइप

“सरळ पाइपला हे कुबड कुणी काढलं?” नॉर्टन साहेबांनी विचारलं. आम्ही आखातातल्या अहमदी गावाबाहेर वाळूत उभे होतो. कुबड माझंच होतं.

मी तेल कंपनीत नवा ड्राफ्ट्समन. प्रोबेशनचे पंधरा दिवस उरले होते. नोकरी पक्की झाली तर बायकोला रत्नागिरीहून आणता येणार होतं, नाहीतर मीच परत.

नॉर्टन साहेब आमच्या ड्रॉइंग ऑफिसचे मुख्य, बेकर साहेब इंजिनिअर. दोघे अमेरिकन. तिकडे अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी पक्ष आपला उमेदवार राज्याराज्यांत मतं घेऊन ठरवतो. त्याला प्रायमरी म्हणतात. त्या वर्षी त्यात एक उपरा घुसला होता. पक्षातली बडी धेंडं त्याला विचारत नव्हती. नॉर्टन म्हणत, “आपटणार.” बेकर म्हणत, “बघच तू.” रेडिओवर निकाल आला की कामाचं खोबरं, आणि वाद नेमका माझ्या टेबलावर.

टेबलावर ट्रेसिंग असे, म्हणजे पारदर्शक कागदावरचं मूळ ड्रॉइंग. त्याच्यावर जे असेल ते प्रिंटमध्ये उमटतं आणि साइटवर जातं. त्या दिवशी बेकरांनी पाण्याच्या पाइपची सरळ रेघ म्हणजे शून्य मतं असं धरलं, आणि तिच्यावरून पेन्सिलीने आपल्या माणसाची मतं चढवली. नॉर्टननी पेन्सिल हिसकावून ती रेघ परत शून्यावर आपटली.

“तुला काय वाटतं, युसूफ?” बेकरांनी मला विचारलं.

मला अमेरिकेतलं काय डोंबल कळतंय. पण मीही उपराच, प्रोबेशनवरचा. मनाला लागलं. “जिंकेल,” म्हटलं, आणि चढण ठसठशीत गिरवली. वर लांबलचक सपाटी दिली, मग कुठे खाली आणली. बेकरांनी पाठ थोपटली. वाद घालता घालताच नॉर्टननी सही ठोकली. रबर फिरवायचं राहून गेलं.

आता साइटवर फोरमन कासमभाई, आमचे दापोलीचे, शांत उभे होते.

“कासमभाई, विचारायचंत तरी.”

“काय विचारायचा? दोन रेघा होत्या. ठळक होती ती टाकली. खाली सायबाची सही हाय.”

नॉर्टननी प्रिंट हातात घेतली. सही स्वतःचीच.

“राहू दे की,” बेकर हसू दाबत म्हणाले. “उन्हात पाइप लांबतो. असा वळसा असला की जॉइंट फाटत नाहीत. आपण तो द्यायलाच हवा होता.”

ते खरंच होतं. नॉर्टननी नव्या ड्रॉइंगवर ‘एक्स्पान्शन लूप’ लिहायला लावलं. माझ्या नोकरीच्या पत्रावरही सही केली, या वेळी मात्र ओळ न् ओळ वाचून.

उमेदवार पुढच्याच राज्यात आपटला. हिवाळ्यात बायको आली. पहिल्याच शुक्रवारी तिला वळसा दाखवायला नेलं.

“एवढ्या लांब हे वाकडं बघायला आणलंत?”

“याच्यामुळेच तू इथे आहेस,” म्हटलं. तिने पाइपकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डबा उघडला.

त्यानंतर मी बऱ्याच हरणाऱ्यांची बाजू घेतली. पण कच्च्या कागदावर.