गढीचं दार

नांदेडच्या बंगल्यात संस्थाध्यक्ष आबासाहेबांच्या मिशांना कलप लावणं चालू होतं. मुखपृष्ठाचा फोटो काढायचा होता. मी समोर उभा राहून त्यांच्या गौरवग्रंथातलं प्रकरण मोठ्यानं वाचत होतो. तीन खुर्च्या रिकाम्या, चौथीत प्राचार्य. त्यांना चिनीमातीच्या कपात चहा आला, मला कागदी. बंगल्यात कुणी जात पाळत नाही. कप तेवढा फेकून देतात.

एका वाक्याला आबासाहेबांनी हात वर केला.

"परत वाच."

मी वाचलं. नामांतराच्या दंग्यात गाव पेटलं, तेव्हा आबासाहेबांच्या वडिलांनी गढीचं दार उघडून दलित वस्तीला आसरा दिला.

"अजून एकदा."

तिसऱ्या वाचनानंतर ते प्राचार्यांकडं वळले. "ह्या लोकांना लिहायचं लई अंगात आलंय. चांगलं हाय. आता आमचं लिहा म्हणावं."

प्राचार्य हसले. मीही हसलो.

मग आबासाहेब मला म्हणाले, "तुझी माय हाय ना अजून? तिच्या तोंडून घे हे. फोटोसकट."

गाव त्यांचं आणि माझं एकच, चाकूरजवळचं. ते वाक्य लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. वय चव्वेचाळीस, चौदा वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतोय, आणि कायम जागेची फाईल आबासाहेबांच्या टेबलावर. वडील दयाळू होते असं लिहिलं तर फाईल हलेल, एवढाच माझा इतिहासाचा अभ्यास. दंगा माझ्या जन्माआधीचा. घरात त्यावर कुणी बोलत नसे, आणि मी, डॉक्टरेट घेतलेला माणूस, कधी विचारलंही नव्हतं.

वर्गात मी रोमन काळातल्या एका ज्यू इतिहासकाराबद्दल शिकवतो. आधी तो रोमविरुद्ध लढला. किल्ला पडल्यावर सोबत्यांसह गुहेत लपला. शरण न जाता मरायचं ठरलं, चिठ्ठ्या टाकल्या. बाकी मेले, हा आणि एक सोबती उरले. हा शरण गेला आणि रोमन सेनापतीला म्हणाला, तू सम्राट होशील. झालाही. मग याला सम्राटाचं घर मिळालं, नाव मिळालं, लिहायला निवांतपणा मिळाला. पण त्याआधी जेरुसलेमच्या तटाखाली उभं राहून आपल्याच लोकांना तो ओरडून सांगत होता, शरण या. आतून दगड येत होते. त्याची आई आतच होती.

"सर, गद्दार होता का तो?" पोरं दरवर्षी विचारतात. दोन्ही बाजू पाहाव्या लागतात, असं मी दरवर्षी सांगतो.

एसटीनं गावी गेलो. माय ओसरीत तूर निवडत बसली होती. कागद काढून वाक्य वाचलं. ती सुपातले खडे वेचत राहिली.

"कुणी लिवलं हे?"

"अध्यक्षांनी."

तिनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नाही. पण कंदिलाशेजारी बसून तिनं मला दहावीपर्यंत लिहिताना पाहिलंय.

"अक्षर तुजं हाय," ती म्हणाली.

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं, हळू, भांडण नसल्यासारखं.

"घरं पेटली तवा आमी गढीकडंच पळालो. दार वाजवलं. आतून अडसर सरकला, दार घट्ट लागलं. तुज्या आज्याला चालता येत नव्हतं. त्याला दारापाशी ठिवलं, म्हणलं, एवढ्याला तरी घ्या. आन आमी वढ्यात लपलो. सकाळी येऊन बघतो तर म्हातारा तिथंच. गेलेला. गढीतल्या बाया शेणाच्या पाट्या घेऊन त्याला वळसा घालून चालल्या व्हत्या."

आजा तापानं गेला, एवढंच मला माहीत होतं.

"माजं नाव टाक," माय म्हणाली. "पन मी म्हणले त्येच टाक."

मग तिनं पुन्हा सूप ओढलं. परतीच्या गाडीत मी नोकरी वाचवणारं वाक्य शोधत राहिलो. दंगा ठेवून दार गाळता येईल का. दार ठेवून आजा गाळता येईल का. नांदेड आलं तरी सापडलं नाही. नोकरी गेली तर या वयात मला कोण घेणार, हे तेवढं स्पष्ट दिसत होतं.

चार दिवसांनी त्याच बंगल्यात उभा राहिलो आणि मायचं बोलणं तिच्याच शब्दांत वाचलं. आबासाहेबांच्या मिशा आता काळ्याभोर होत्या.

"कुणी सांगितलं हे?"

"माझ्या आईनं. तुम्हीच तिच्या तोंडून घे म्हणाला होता."

ते ओरडले नाहीत. माझी फाईल उचलून प्राचार्यांच्या हातात दिली. म्हणाले, "ह्यांचे तास उद्यापासून दुसऱ्याला द्या." चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं.

आता कुठल्याच कॉलेजातून फोन येत नाही. आबासाहेबांचा शब्द लातूरपर्यंत चालतो. गौरवग्रंथ निघाला, गुळगुळीत कागदावर. माझं वाक्य त्यात तसंच आहे. ते मला परत घेता आलं नाही.

तो ज्यू इतिहासकार सम्राटाच्या घरात बसून आयुष्यभर लिहीत राहिला. त्याच्या आईचं पुढं काय झालं, ते मी वाचलेल्या पानांत कुठंच नाही. पोरांना आता दोन्ही बाजू सांगणार नाही. पोरंही उरली नाहीत म्हणा.

मी गावाकडं निघालोय, कोरी वही घेऊन. वस्तीतली चार म्हातारी माणसं अजून बोलती आहेत. पहिल्या पानावर अडसर सरकल्याचा आवाज येईल. दुसऱ्या पानावर मी लिहिलेलं ते खोटं वाक्य, खाली माझ्या नावासकट.