कोपऱ्यातला ‘हां’

शाळेत तिला सगळे रबर म्हणत. बाकावर बसवलं तरी ती बसल्यासारखी वाटायचीच नाही. घंटा व्हायच्या आधीच अर्धी उठलेली असायची. पाचवीत मी तिची वर्गशिक्षिका होते. पुढे ती ट्रॅम्पोलिनची विजेती झाली आणि वर्तमानपत्रात तिचा हवेतला फोटो छापून आला. तो मला दाखवायला आणला तेव्हा तिच्या आईने कागद चारी बाजूंनी फिरवून विचारलं होतं, “बाई, यात डोकं कुठलं हो?”

तिचे वडील सोफे आणि गाद्या बनवतात. लेकीचं पहिलं ट्रॅम्पोलिन त्यांनीच दुकानामागच्या मोकळ्या जागेत उभं केलं. लोखंडी चौकट, जुन्या स्प्रिंगा आणि वर जाड कापड. सोफ्याचा पट्टा ओढताना हवा तेवढा ताण आला की ते कामगाराला नुसतं “हां” म्हणत आणि मग खिळा ठोकला जाई. लेक उडायला लागली तेव्हाही त्यांनी तीच पद्धत ठेवली. ती आधी सरळ उड्या मारून उंची घ्यायची. वडील जाड गादी छातीशी धरून कोपऱ्यात उभे. तिची पावलं कापडाच्या मधोमध काढलेल्या लाल फुलीवर नेमकी पडताहेत असं दिसलं की म्हणत, “हां.” मग ती मागे कोलांटी घ्यायची. चुकलीच तर गादी तिच्याखाली सरकवायची, एवढंच त्यांचं काम.

स्पर्धांनाही ते असेच उभे राहिले. बाकीच्यांचे प्रशिक्षक शिट्ट्या अडकवून रुबाबात फिरायचे; एका स्पर्धेत यांच्या गळ्यात चुकून दुकानातली मोजपट्टीच राहिली होती. लोकांना बापलेकीच्या जोडीचं कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं.

वय वाढलं, गुडघे कुरकुरू लागले, तशी ती शिकवण्याकडे वळली. उंच छपराचं एक जुनं गोदाम भाड्याने घेतलं. संध्याकाळी मुलं आणि सकाळी आमच्यासारख्या, डॉक्टरांनी ‘हलत राहा’ म्हणून पाठवलेल्या बायका. आम्ही लहान जाळीवर चार बोटं उडतो आणि वाघ मारल्यासारख्या खाली उतरतो. “बाई, गुडघे वाकवा. मान नाही, गुडघे!” ती मला ओरडते तेव्हा वर्गातल्या सगळ्या जणी खूश होतात.

विजेतेपदाने तिचं शरीर जणू गल्लीच्या मालकीचं झालं होतं. वाण्याकडे बिस्किटं मागितली तर तो विचारायचा, “ताई, पाहुण्यांना ना?” पण ती हे सगळं हसून घ्यायची. ती अडकली होती ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते तिलाही गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रशिक्षण केंद्राने तिला बोलावलं. कायमची नोकरी, राहायला जागा, हाताखाली निवडक मुलं. अट एकच. रुजू होण्याआधी दहा उड्यांचा पूर्ण क्रम स्वतः करून दाखवायचा. त्याच आठवड्यात वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणून गादी धरायला तिचा भाऊ गेला.

दोघं परत आली ती एकमेकांशी न बोलता. भावाने घरालगतच्या दुकानात माझ्यासमोरच सांगून टाकलं, “नुसती वर खाली, वर खाली! तिथल्या परीक्षकांनी वेळ झाली म्हणून हात वर केला तरी हिची सुरुवातच नाही. मी ‘हां’ म्हणालो. दोनदा म्हणालो. आणखी कसं म्हणायचं, गाऊन दाखवू?”

“गुडघा दुखत होता,” ती म्हणाली.

डोळ्यावर पट्टी बांधून बसलेले वडील म्हणाले, “मी असतो तर बरं झालं असतं.”

“हो ना,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

केंद्राची माणसं भली. त्यांनी महिन्याने पुन्हा या म्हणून सांगितलं.

खरं काय ते तिने मला एका सकाळी स्प्रिंगा तपासता तपासता सांगितलं. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. “बाई, मी वर जाते, सगळं नीट असतं, आणि अंग थांबूनच राहतं. फिर म्हटलं तरी फिरत नाही. त्यांचा आवाज आला की फिरतं. दुसऱ्या कुणाचा चालत नाही.”

“मग त्यांना सांग की.”

“सांगितलं तर काय करतील, तुम्हाला माहीत नाही? दुकानाला कुलूप लावतील, आईला घेतील आणि गादीसकट माझ्यामागे येतील. त्या शहरातही तोच कोपरा.” तिने एक स्प्रिंग ओढून पाहिली. “आणि नाही सांगितलं तर मी इथेच.”

मीही एक स्प्रिंग ओढून पाहिली. वर्गात फळ्याकडे वळता तरी यायचं.

मग तिने नाना उपाय केले. वडिलांचा आवाज फोनमध्ये भरून घेतला. “कशाला गं?” त्यांनी विचारलं. “असू दे, तुमची आठवण.” त्यांनी घसा खाकरला, केसांवरून हात फिरवला आणि फोटोला उभं राहावं तसे ताठ बसून म्हणाले, “हां.” आई म्हणाली, “आवाज काढताय की लग्नाला निघालाय?” पण त्याचा उपयोग झाला नाही. “फोनला माझे पाय कुठे दिसतात?” ती म्हणाली.

शेवटी तिने स्वतःला पहिलीत बसवलं. बारक्या मुलांना शिकवतात तसं, आधी बसती उडी, मग पाठीवर पडून उठणं, मग अर्धी गिरकी. दुपारी गोदाम रिकामं असताना हे चालायचं. रोज थोडं पुढे सरकायचं आणि मागे कोलांटी घ्यायची वेळ आली की पुन्हा तेच, वर खाली, वर खाली. एकदा मी दारातून पाहिलं. एवढ्या उंच छपराखाली इतकी कोंडलेली बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

केंद्रात जायला थोडेच दिवस उरले होते. सकाळचा वर्ग संपला आणि तिने आम्हाला थांबवलं. मला आणि वर्गातल्याच शिंपीणबाईंना गादीची दोन टोकं धरायला दिली. “कुणी काही बोलायचं नाही. शिंकायचंसुद्धा नाही.”

“शिंक आलीच तर?” शिंपीणबाईंनी विचारलं.

“गिळा.”

ती वर चढली. सरळ उड्या सुरू झाल्या. पावलं फुलीवर, पुन्हा फुलीवर. हात वर गेले, हनुवटी उचलली, आणि मला तिचे गुडघे कोलांटीसाठी उचलल्यासारखे दिसले. त्याच क्षणी दारातून आवाज आला.

“हां!”

काळा चष्मा लावून वडील उभे होते. डॉक्टरांनी नुकतीच बाहेर पडायची परवानगी दिली होती. लेकीला चकित करायचं म्हणून न सांगता आले होते. ती फिरली. एक कोलांटी, दुसरी, तिसरी, दहाच्या दहा, रेघ मारल्यासारख्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शिंपीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बघ! जमतंय की नाही?” वडील पुढे येत म्हणाले. “मी नव्हतो म्हणून घाबरली होतीस, वेडाबाई!”

ती खाली उतरली आणि टाळ्यांमधून वाट काढत माझ्याकडे आली. “बाई, मी आधी फिरले की आवाजानंतर?”

“आधी,” मी म्हणाले. “मला तरी आधी वाटलं.”

“वाटलं?”

आयुष्यभर मुलांना मी सांगत आले की नक्की माहीत असेल तेच बोला. मी शिंपीणबाईंकडे बोट केलं. तिने शिंपीणबाईंना विचारलं. त्यांनी गादीआड डोळे मिटले होते. आता पुन्हा करून पाहावं तर वडिलांनी आमच्या हातातली गादी केव्हाच काढून घेतली होती आणि डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलेलं असताना ती छातीशी धरून ते आपल्या कोपऱ्यात उभे होते. “चल, आणखी एकदा. मी आहे.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तेवढ्या वेळात तिला खरं काय ते सांगता आलं असतं. मग म्हणाली, “गादी ठेवा बाबा. डोळ्याला ताण येईल. आज पुरे.”

त्यांच्याशिवाय जमतं की नाही हे कळायच्या आधीच, गुडघा बरा होत नाही असं तिने केंद्राला कळवलं.

ती अजून त्याच गोदामात शिकवते, आणि वडील रोज येतात. पण संध्याकाळच्या मुलांसाठी कोपऱ्यात गादी धरून ती स्वतः उभी राहते, ओठ घट्ट मिटून. मुलं वर खाली होत विचारतात, “ताई, जाऊ?” ती म्हणते, “तुझं तू बघ.” एखादं पोर रडकुंडीला येतं. बाकावर बसलेल्या आया कुजबुजतात की जरा धीर द्यायला हिचं काय जातं.

परवा एक चिमुरडी बराच वेळ नुसतीच उडत होती. वडिलांना राहवेना. त्यांनी तोंड उघडलं तशी लेक वळून ओरडली, “बाबा, नाही!”

“अगं, पोर थांबलंय.”

“थांबू दे.”

ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. चिमुरडी उडत राहिली.