तेविसाची एकच रांग

शाळेत रीताबाईंचा हट्टच होता, प्रार्थनेच्या रांगा सारख्या हव्यात. पोरं चोवीस. कधी सहा-सहाच्या चार रांगा, कधी आठ-आठच्या तीन; अशाच चोविसाच्या जोड्या पाठ झाल्या. पण दसरू मोहफुलं वेचायला पळाला की उरत तेवीस, आणि तेविसाचं काही केल्या जमत नसे. मग एकच रांग, थेट फाटकाबाहेर उन्हात. चिडलेली पोरं दसरूला मोहाखालून ओढून आणत.

परवा अहेरीच्या बाजारात निवृत्त रीताबाईंना तोच दसरू भेटला. त्याची पोरगी आता त्याच शाळेत.

"किती रांगा लागतात रे?"

"एकच, बाई. पाचच पोरं हायेत."

"मग आणखी एक आण ना ओढून! तीन-तीनच्या दोन होतील."

"कुठून आणू, बाई? मोहाखाली बी कोनी नाई आता."