ईडन गार्डनचं दुसरं तिकीट

खडकीच्या क्वार्टर्समध्ये आम्ही बायका नवऱ्याला एकच प्रश्न विचारायचो: डबा किती वाजता हवा? बाकी काही विचारायची पद्धत नव्हती. नवरे दारूगोळ्याच्या कारखान्यात. आत काय बनतं, आज काय झालं, उशीर का झाला, यातलं काही घरी बोलायचं नाही असा नियम होता, आणि तो पुरुषांपेक्षा आम्हीच जास्त कडक पाळला. लग्नानंतर आठवड्याभरात सासूबाईंनी मला बजावलं होतं, "तो सांगेल तेवढं ऐकायचं. विचारून त्याला अडचणीत आणायचं नाही." त्यामुळे आमचे हे म्हणायचे, "चार दिवस बाहेर जातोय," आणि मी म्हणायचे, "बरं." चौतीस वर्षं आमचा संसार या दोन वाक्यांवर उत्तम चालला.

हे निवृत्त झाले, क्वार्टर सोडली, वाघोलीत फ्लॅट घेतला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाण्याचा टँकर कधी येणार, एवढीच काय ती सोसायटीतली गोपनीय माहिती. आणि तरी एका सकाळी बॅग भरून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चार दिवस बाहेर जातोय."

मी सवयीनं "बरं" म्हणून गेले. हे जरा वेळ तसेच उभे राहिले, चप्पल घातली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि गेले. दार लावल्यावर माझ्या डोक्यात आलं, निवृत्त माणूस कसल्या कामाला बाहेरगावी जातो?

परत आले ते उन्हानं रापून. शर्ट धुवायला टाकताना खिशात दोन तिकिटं सापडली. कोलकात्याचं ईडन गार्डन, कसोटी सामना. जागा शेजारशेजारच्या. एक तिकीट फाटकावर फाडलेलं, दुसरं जसंच्या तसं.

आता, ह्यांना क्रिकेट आवडतं हे मला माहीत होतं. पण क्रिकेट घरी टीव्हीवर दिसतं, तेही सोफ्यावर पाय पसरून. त्यासाठी अर्धा देश ओलांडून कोणी जात नाही. आणि गेलाच, तर दोन तिकिटं काढत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी तिकिटं ह्यांच्या खणात कागदाखाली ठेवली आणि निष्कर्ष काढला: बाई आहे, कोलकात्याला येणार होती, ऐन वेळी आली नाही.

नंतर चेन्नई झालं. पुन्हा दोन तिकिटं, एक फाडलेलं, एक कोरं. आता मला त्या बाईचाच राग यायला लागला. माणूस एवढा प्रवास करून जातो आणि ही दुसऱ्यांदा येत नाही म्हणजे काय? आपल्या नवऱ्याला कोणी असं झुलवत ठेवतं, हे मला सहन होईना.

मी मोबाइलवर ही मैदानं शोधायला लागले. लोक तीर्थक्षेत्रं शोधतात तशी मी स्टेडियमं शोधली. ईडन गार्डनमध्ये एका वेळी किती माणसं मावतात ते वाचलं आणि म्हटलं, छान, एवढ्या गर्दीत कोण कोणाला ओळखणार! चेन्नईच्या चेपॉक मैदानावर दुपारी समुद्रावरून वारा येतो म्हणे. म्हणजे वाऱ्याचीसुद्धा सोय. मग खणात पुढची दोन तिकिटं दिसली, धरमशालेची, आणि तिथला फोटो पाहून तर माझी खात्रीच पटली. मैदानामागे बर्फाचे डोंगर, लाल-पिवळ्या रंगाची टुमदार इमारत. अशा ठिकाणी माणूस एकटा स्कोअर बघायला जातो?

धरमशालेला गेले त्या दिवशी मी कपाट उघडलं, तर माझा लोकरीचा स्वेटर गायब. मरून रंगाचा, मी स्वतः विणलेला. त्या रात्री मी जेवले नाही. बाई असेल तर असो, पण माझ्या हातचा स्वेटर तिच्या अंगावर?

हिंजवडीला राहणाऱ्या लेकीला मी फोन केला. ती म्हणाली, "आई, तू पण ना! सरळ विचार ना बाबांना. वन क्वेश्चन. एवढं काय आहे त्यात?"

"आपल्याकडे तसं विचारत नाहीत."

"मग मी विचारू?"

"खबरदार," मी म्हटलं.

पण गहुंजेच्या सामन्याची दोन तिकिटं खणात दिसली तेव्हा माझा धीर सुटला. आजवर हे सगळं परगावी चाललं होतं. आता पुण्यात? माझ्या नाकासमोर? तिकिटावरचा स्टँड आणि रांग मी कागदावर उतरवून घेतली आणि लेकीला त्याच स्टँडमध्ये मागची एक जागा काढायला लावली. सकाळी हे म्हणाले, "आज दिवसभर नाहीये." मी म्हटलं, "बरं." तासाभरानं लेकीनं बोलावून दिलेल्या कॅबमध्ये बसले.

फाटकावर माझी पाण्याची बाटली काढून घेतली, खोबरेल तेलाची डबी काढून घेतली. जिना चढून आत आले आणि समोर मैदान दिसलं. पुण्यात एवढं हिरवं अजून शिल्लक आहे हे मला ठाऊक नव्हतं. क्षणभर मी कशासाठी आले तेच विसरले. मग नऊ रांगा खाली हे दिसले. डोक्याला रुमाल बांधलेला. शेजारच्या खुर्चीवर पिशवी.

मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या खुर्चीवरून नजर हलवली नाही. कोणी विकेट काढली, सगळं स्टेडियम उभं राहिलं, मी उभी राहून फक्त खुर्ची बघितली. दोघंतिघं तिथे बसायला आले. ह्यांनी हात हलवून त्यांना घालवलं. बाई काही येईना. सुट्टीत हे दोन वडापाव घेऊन आले, एक पिशवीवर ठेवला, एक खाल्ला. बराच वेळ इकडेतिकडे पाहिलं आणि मग दुसराही उचलला.

ह्यांना साखर आहे. बाईचं नंतर बघता आलं असतं, पण दुसरा वडापाव माझ्यानं बघवला नाही. मी कठडा धरून नऊ रांगा उतरले.

मी पिशवी उचलणार एवढ्यात मागच्या रांगेतला एक तरुण म्हणाला, "काकू, ती सीट बुक आहे. अंकलच्या मिसेस येणारेत."

"कुठल्या?" मी विचारलं.

ह्यांनी वळून पाहिलं. तोंडात घास तसाच.

"तू?" हे म्हणाले.

"मी. आणि ती कुठंय?"

"कोण ती?"

"जिच्यासाठी माझा स्वेटर नेलात ती!"

"तो तुझ्यासाठीच नेला," हे म्हणाले. "तिथं थंडी असते."

मागचा तरुण अचानक मोबाइलमध्ये फार मन लावून बघायला लागला. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. मग हे मैदानाकडे बघत म्हणाले, "पहिल्या वेळी दोन्ही तिकिटं खिशात घालून दारात उभा होतो. म्हटलं, तू विचारशील, कुठे निघालात. मग सांगेन, चल. तू बरं म्हणालीस."

"मग स्वतःहून सांगायला काय झालं होतं?"

"जमेना. इतकी वर्षं तुला काही सांगितलं नाही, कसं बोलायचं तेच कळेना. दर वेळी म्हणायचो, या वेळी विचारेल."

मला भयंकर राग आला. त्यांचा आला, माझाही आला. कोलकाता गेलं, चेन्नई गेलं, ते बर्फाचे डोंगर गेले, आणि मी घरी बसून एका नसलेल्या बाईशी भांडत होते. मी इकडेतिकडे पाहिलं, काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मला ही कडेची जागा का? तुम्ही आत का अडकून बसलात?"

"तुझा गुडघा. कडेला पाय लांब करता येतो. सगळीकडे कडेचीच घेतली तुझ्यासाठी."

"अहो, पण मी नव्हते ना! चेन्नईला तरी कडेला बसायचं होतं तुम्ही."

ह्यांनी मैदानावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"आणि तू आली असतीस तर?"

वाघोलीहून, न सांगता, चेन्नईला. समोर कोण खेळतंय ते नीट दिसेना. मी पदरानं डोळे पुसले आणि पाय लांब केला.