पाळण्याच्या कडीला पंखा

परवा दुपारचं सांगते...

आम्ही कल्याणला चाळीत राहतो. मागल्या वर्षी चाळीत लाईट आली आणि यंदा ह्यांनी पंखा आणला. वरच्या वाशाला पाळण्याची जुनी कडी होती, तिलाच टांगला. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या, "माझी सगळी पोरं त्या कडीला झोपली. आता तिथं हे भूत टांगा!"

पण ह्या उन्हाळ्यात त्या भुतानंच आमच्या बाळाला झोपवलं. पाच महिन्यांचा आहे, मानेवर नुसतं घामोळं... पंखा फिरला की गप पडून राहायचा.

परवा सकाळीच लाईट गेली. दुपारपर्यंत वरचा पत्रा असा तापला की घरात श्वास घेववेना. बाळ रडून रडून लालभडक झालं. विंझणा हलवून माझा हात भरून आला, खिडकीला ओलं लुगडं लावलं तर तेही लगेच सुकलं.

सासूबाई म्हणाल्या, "झोळी बांध गं. झोक्याचा तरी वारा लागेल."

"अहो, पण कडीला पंखा आहे ना..."

"मेलाय तो पंखा. मेलेल्याला काय भ्यायचं?"

मलाही पटलं. बटण चालूच राहिलेलं, पण तिकडे कोण बघतंय... स्टुलावर चढले, लुगडं पंख्याच्या पात्यांमधून वर घेऊन कडीला बांधलं. दोन झोक्यांत पोर झोपलं.

जरा वेळानं बघते तर झोळीतून टपटप खाली. मुतला होता. त्याला उचललं आणि अशी चिडले, "मेल्या, आत्ताच तर दुपटं बदललं! विहिरीचं पाणी काय तुझा बाप ओढतो?"

सासूबाई हसल्या, "मुतू दे गं. ह्या उन्हात पोर मुतलं तर बरंच म्हणायचं."

सुकं दुपटं घ्यायला कोपऱ्यात वळले... आणि मागं घर्रर्र झालं.

बाहेर सगळी चाळ ओरडली, "आली, आली! लाईट आली!"

पंख्यानं लुगडं धरलं होतं. झोळी गरगर फिरत वर गेली... धुणं पिळावं तशी पिळली. मी बाळाला छातीशी धरून उभी. बटणाला हात लावला तर झटका बसेल ह्या भीतीनं सासूबाईंनी लाटण्यानं ते बंद केलं.

झोळी वर लोंबत होती. मुठीएवढी झालेली...

संध्याकाळी हे कारखान्यातून आले. स्टुलावर चढून पिळा सोडवला. झोळी बांधायचं कुणी सुचवलं ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही दोघींनी सांगितलं नाही. मग हातोडी घेऊन दुसऱ्या वाशाला नवी कडी ठोकली.

आता लाईट गेली की सासूबाई आधी लाटणं घेऊन बटणाकडे धावतात.

आणि बाळानं आज सकाळपासून घरातली सगळी दुपटी भिजवलीत... धुतेय मी. भिजव रे राजा, हवी तेवढी भिजव.