म्हसोबाचा खरवस आणि पाव्हण्याचं पोट

देवासाठी काढून ठेवलेला खरवस मी कुत्र्याच्या पिल्लाला चारला, आणि वडी सगळीकडून सारखी दिसावी म्हणून तिचे उरलेले कोपरे स्वतः खाल्ले. एका दमात सांगून टाकलं, बरं वाटलं. नातवंडं हे ऐकून विचारतात, "आजी, तू एवढी वेंधळी होतीस?" वेंधळी नव्हते रे बाबांनो, हुशार होते. तेच तर नडलं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. घोटावड्याहून लग्न होऊन मुळशीला आले, त्याला अजून पुरतं वर्ष झालं नव्हतं. नवरा पुण्याला कारखान्यात, सुट्टी मिळाली की घरी. एरवी घरात आम्ही तिघंच. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची. सासरे, ज्यांना मामंजी म्हणायची. आणि मी, जिला सगळेच काही ना काही म्हणायचे.

घरातला जुना कुत्रा मी येण्याआधीच म्हातारा होऊन गेला होता. मामंजींनी तेव्हा सांगून टाकलं होतं, आता या घरात कुत्रं आणायचं नाही. सांगितलं खरं, पण जेवताना भाकरीचा शेवटचा तुकडा हातात धरून ते उंबऱ्याकडे बघायचे. मग कुणी पाहिलं तर नाही ना असं बघून तो तुकडा स्वतःच खायचे. मी पदराआडून पाहायची. नव्या सुनेला दुसरं काम काय असतं?

त्या वर्षी भाताची झोडणी चालू असताना एका संध्याकाळी मामंजी खळ्यावरून आले ते घोंगडीचा एक कोपरा पोटाशी धरून. आत्याबाईंना वाटलं, दुखतंय काहीतरी. मामंजींनी घोंगडी उलगडली तर आतून एक तांबूस पिल्लू गडगडत खाली आलं. एक कान उभा, एक पडलेला, अंगभर भाताचं तूस. त्याची आई खळ्याच्या आसपास असायची, ती दिसेनाशी झाली होती. पिल्लू पेंढ्यात ओरडत पडलं होतं.

"कुत्रं आनायचं न्हाई म्हनला हुता न्हवं?" आत्याबाई म्हणाल्या.

"मी कुटं आनलं? त्येच आलंय. पाव्हनं हायेत," मामंजी म्हणाले, आणि पिल्लाला म्हणाले, "या पाव्हनं, बसा."

झालं. पिल्लाला कुणी नाव ठेवलंच नाही. ते पाव्हणं म्हणून आलं आणि पाव्हणंच राहिलं. मामंजींच्या भाकरीच्या शेवटच्या तुकड्याला मालक मिळाला. मामंजी घरात शिरले की ते त्यांच्या पायात घुटमळायचं आणि मामंजी म्हणायचे, "आरं, पाय मोडशील माजा." आवाज रागाचा असायचा, पण पाऊल टाकताना असं जपून टाकायचे, जसं पाण्यातल्या शेवाळावरून चालावं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमची म्हैस व्याली.

म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा खरवस करायचा, आणि त्या खरवसातलं पहिलं ताट म्हसोबाला, ही आमच्या घरची रीत. शेतांच्या पलीकडे, धरणाचं पाणी दिसतं त्या बांधावर आमचा म्हसोबा. शेंदूर फासलेला दगड. त्याला ताट पोचल्याशिवाय घरात कुणी खरवसाला बोट लावायचं नाही. ताट न्यायचा मान मामंजींचा. आंघोळ करून, अनवाणी, ताटावर फडकं घालून निघायचे आणि जाताना वाटेत कुणाशी बोलायचं नाही, असा दंडक. समोरून कुणी आलं तरी मामंजी नुसती मान हलवायचे.

त्या दिवशी आत्याबाईंनी चिकात गूळ आणि वेलची घालून खरवस उकडला. घरभर असा वास सुटला की विचारू नका. पहिली चांगली चौकोनी वडी त्यांनी ताटात काढली, वर टोपली पालथी घातली आणि मला म्हणाल्या, "मी रेडकाला बघून येती. तू हितं बस. मांजर आलं तर हाकल."

मांजरावर पहारा ठेवायला त्यांनी मला बसवलं. घरातली सगळ्यात मोठी मांजर मीच होते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

तरी मी स्वतःसाठी हात लावला नव्हता, खरंच. पाव्हणं आलं. टोपलीभोवती नाक घासत फिरलं, मग माझ्यासमोर बसलं आणि रडायला लागलं. तो उभा कानसुद्धा त्यानं दीनवाणा पाडला. मला वाटलं, एवढंसं पोर, आईचं दूध सुटलेलं, आणि रेडकू बघा कसं धष्टपुष्ट होतंय चीक पिऊन. याला का नको? मी टोपली उचलली आणि वडीचा एक कोपरा तोडून त्याच्यापुढं टाकला. गेला. कुठं गेला कळलंसुद्धा नाही.

आता वडीचे तीन कोपरे राहिले आणि एक बाजू तिरकी दिसायला लागली. मी समोरचा कोपरा काढला. पिल्लू बघतच होतं, त्याला दिला. मग दोन कोपरे उरले, ते त्याहून वाईट दिसत होते. ते काढले आणि माझ्या तोंडात टाकले, कारण तेवढ्यात बाहेर पावलं वाजली आणि दुसरीकडे कुठं टाकायला वेळ नव्हता. वडी आता गोलसर झाली होती. ती पुन्हा चौकोनी करावी म्हणून मी कडेनं थोडं थोडं खरडलं, ते सगळं पाव्हण्याच्या पोटात गेलं. शेवटी ताटात एक छोटी, देखणी, अगदी चौकोनी वडी उरली. मी टोपली घातली आणि पदर नीट करून बसले.

मामंजी आले, फडकं घालून ताट उचललं. क्षणभर ताट हातात तोललं असं मला वाटलं. पण ते काही बोलले नाहीत. बोलायचंच नसतं ना वाटेत. गेले.

दुपारी आम्ही सगळ्यांनी खरवस खाल्ला. मीही खाल्ला. पाप झालं होतं ते झालं होतं, म्हणून भूक लागायची थांबते का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर पाव्हण्याचं झोपायचं पोतं खराब झालेलं. पिवळं, पाण्यासारखं, आणि वास असा आंबूस की नाकाला पदर लावावा लागला. पोतं बदललं, तेही खराब झालं. पिल्लू उभं राहायचं आणि मागचे पाय दुमडून खाली बसायचं. थोड्या वेळानं उभं राहणंसुद्धा सोडलं. आता दोन्ही कान पडले होते. मामंजींनी भाकरीचा तुकडा त्याच्या नाकाशी धरला. त्यानं बघितलंसुद्धा नाही. मामंजी तुकडा हातात घेऊन तसेच बसून राहिले. न जेवता शेताकडे गेले.

आत्याबाईंनी मला विचारलं, "काय खाल्लं गं त्यानं?"

"मला न्हाई ठावं."

"काल तुज्याच मागं मागं हुतं."

"पान्याकडं गेलं हुतं वाटतं. मेलेली मासळी खाल्ली आसंल."

धरणाच्या पाण्यात मासे होते हे माझं नशीब. शेजारच्या काकूंना बोलावलं. त्यांनी पिल्लाचं पोट दाबून पाहिलं, म्हणाल्या, "नजर लागलीया. गोरंगोमटं हाय." पिल्लू तांबूस होतं, पण काकूंना कुणी अडवायचं? त्यांनी मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. आम्ही सगळ्या खोकलो. पिल्लूसुद्धा खोकलं, आणि खोकताना पुन्हा पोतं खराब केलं.

मला मात्र पक्कं ठाऊक होतं हे काय आहे ते. नजर नव्हे, मासळी नव्हे. हा म्हसोबा. त्याच्या ताटातलं उष्टं करून पाठवलं, तो सोडणार होय? आणि पिल्लानं खाल्लं तसं मीही खाल्लं होतं. म्हणजे पिल्लाचं झालं की माझी पाळी. मी चुलीपुढं बसून स्वतःच्या पोटाचे आवाज ऐकत राहिले. जरा गुडगुड झाली की हात जोडायची. भाकरी समोर आली तर नको म्हणाले. आत्याबाईंनी माझ्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं, पोटावर ठेवलेल्या हाताकडे पाहिलं, आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "राहू दे, नगं खाऊ. बस निवांत." आणि लिंबाच्या लोणच्याची मोठी फोड आणून माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. एवढ्या प्रेमानं का देतायत हे विचारायचं मला सुचलं नाही.

मनातल्या मनात म्हसोबाशी बोलणी चालू होती. नारळ देते म्हटलं. मग म्हटलं, पिल्लाचं पोट बरं कर, हवं तर माझं बिघडव. मग घाईघाईनं म्हटलं, पण थोडंच.

दुपारी पिल्लानं डोळे मिटले. हाक मारली तर शेपटीचं टोक तेवढं हलायचं. आत्याबाई आतून वाटी घेऊन आल्या. त्यांनी पदर खोचला, पिल्लाला मांडीवर घेतलं आणि त्याचं तोंड उघडायला लागल्या. मी वाटीत बघितलं. दाट, पिवळा चीक.

"पोट पार रिकामं झालंया," त्या म्हणाल्या. "ताकद न्हाई राहिली. आता चीक पाजला तरच तरंल."

"नका!" मी ओरडले ती अशी ओरडले की गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली.

"का गं?"

"त्यो म्हसोबाचा हाय!"

"ह्यो कुटला म्हसोबाचा? ह्यो आत्ता काढलाय."

मग सगळं बाहेर आलं. कोपरे, खरडलेल्या कडा, मांजराचा पहारा, माझ्या तोंडात गेलेलं, पिल्लाच्या तोंडात गेलेलं. मी रडत होते आणि बोलत होते. म्हसोबा पिल्लाला नेणार, मामंजी पुन्हा कधी कुत्रं आणणार नाहीत, आणि हे सगळं माझ्यामुळं. आत्याबाई वाटी हातात धरून ऐकत होत्या.

"केवढा तुकडा खाल्ला त्यानं?"

मी तळहात दाखवला. मग खरं बोलायचंच तर पुरतं बोलावं म्हणून दुसराही निम्मा दाखवला.

आत्याबाईंनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग पिल्लाच्या पोटाकडे. "अगं कैदाशिनी! येवढासा जीव, अन् येवढा चीक, वर गूळ! रेडकाला जास्ती झाला तर रेडकूबी पातळ हागतं. सकाळधरनं इचारतीया मी, काय खाल्लं, काय खाल्लं. त्वांड शिवलं हुतं का तुजं? अन् मी आनखी चीकच पाजीत हुते की त्याला!" त्यांनी वाटी लांब सरकवली. "म्हसोबाला दुसरं काम न्हाई व्हय, कुत्र्याच्या पोटात जाऊन बसाय?"

मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अन् मी मेली हिला लिंबाचं लोनचं चारतीया!"

तेव्हा कुठं मला त्या लोणच्याचा अर्थ कळला. लाज वाटायची ती तिथं वाटली, देवाच्या बाबतीत नाही.

त्यानंतर आत्याबाईंनी पिल्लाला काहीच दिलं नाही. ना दूध, ना भाकरी. काकूंनी डाळिंबाची साल उगाळून आणली, तीही परत पाठवली. उकळून गार केलेलं पाणी, तेही बोट बुडवून थेंब थेंब त्याच्या जिभेवर सोडायचं, हे काम माझ्याकडे. मागचं कोमट पाण्यानं धुवायचं, पोतं बदलायचं, तेही माझ्याकडे. चुलीच्या उबेला पाव्हणं आणि त्याच्याशेजारी मी. थेंब चाटायचं, झोपायचं, पुन्हा चाटायचं. उन्हं कलली तेव्हा आत्याबाईंनी आंबेमोहराची पेज केली, शितं खाली राहू दिली आणि वरची निवळ चिमूटभर मीठ घालून दिली. पाव्हण्यानं ती चाटली. पोटात राहिली. दिवेलागणीला मामंजी आले, लांबूनच विचारलं, "हाय का?"

"हाय," आत्याबाई म्हणाल्या. "चीक जास्ती झाला हुता." कुणी दिला, कुठला दिला, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मला मात्र असा डोळा दाखवला की तो मला आजही दिसतो.

पुढचे दोन-तीन दिवस नुसती पेज, मग पेजेतली मऊ शितं, मग थोडा गुरगुट्या भात. आणि एका सकाळी पाव्हणं डुलत डुलत अंगणात गेलं, गोल फिरलं, बसलं आणि उठलं. आत्याबाईंनी वाकून पाहिलं आणि मामंजींना हाक मारली. मामंजी आले. मी आले. आम्ही तिघंही त्या घट्ट, शहाण्या लेंडाभोवती उभे राहिलो. असं कौतुक मी पुढं माझ्या पोरांच्या पहिलीच्या निकालाचंसुद्धा केलं नाही. पाव्हण्याचा एक कान पुन्हा उभा राहिला होता. त्या दिवशी मामंजींच्या हातातला भाकरीचा तुकडा त्यानं बोटासकट ओढला.

पण माझ्या मनातून काही जाईना. ताट मामंजींनी नेलं होतं, एवढ्या श्रद्धेनं, अनवाणी, आणि मी त्यांच्या हातात उष्टं दिलं होतं. दुपारी त्यांची भाकरी घेऊन खळ्यावर गेले. पाव्हणं पाठोपाठ आलं आणि त्यांच्या घोंगडीवर जाऊन झोपलं. मी सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून. मामंजी तंबाखूला चुना लावत होते. मळून झाली, झटकली, ओठाखाली ठेवली. मग त्यांनी घराच्या वाटेकडे नीट पाहिलं, तिकडून कुणी येत नाही ना, आणि म्हणाले, "पोरी, इतकी वर्सं ताट मीच नेतुया. वाटंत उंबराखाली बसून निम्मं मीच खातो. म्हसोबानं मला कदी काय केलं न्हाई. पन तुज्या आत्याबाईला सांगू नगं, ती मातर करंल."