लाल सोन्यावरचा संशय

ज्या बातम्या छापून येतात त्यांचं निदान कात्रण तरी होतं. ज्या छापता येत नाहीत, त्या माळ्यावर टाकलेल्या सामानासारख्या साठत जातात आणि कोणी "चहा घेणार?" एवढं विचारलं की धडाधड अंगावर पडतात. डोंबिवलीतल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधलं हे सामान त्यातलंच. संशय घेणं हा माझा धंदा, पण त्या लॅबमध्ये मला जोडीदार बरेच भेटले!

*

सुरुवात निनावी फोनने झाली. "साहेब, कॉलेजात सोनं येतं आणि संपतं. जातं कुठे, विचारा!" नाव विचारलं तर फोन कट.

मी थेट लॅबमध्ये धडकलो. समोर स्नेहल पाटील, पीएचडीची विद्यार्थिनी, शीळफाट्याजवळच्या गावातली.

"सोनं दाखवा," मी म्हटलं.

तिने लाल पाण्याची बाटली पुढे केली.

"हे कोकम सरबत आहे!"

"सोनंच आहे, काका. कण फार बारीक केले की सोनं पिवळं राहत नाही, लाल दिसतं. मेडिकलमध्ये तपासणीची पट्टी मिळते ना? तिच्यावर लाल रेघ उमटते, ती बऱ्याचदा याचीच असते. कण लहानमोठे झाले तर रेघेचा भरवसा उरत नाही. म्हणून सगळे एका मापाचे करायचे, तेच माझं काम."

आजवर मला मंत्र्यांपासून बिल्डरांपर्यंत सगळ्यांनी गंडवायचा प्रयत्न केलाय, पण इतक्या शांतपणे कोणी नाही!

*

पुरावा म्हणून थोडा नमुना मागून घेतला. कोपरीत माझ्या ओळखीचा एक सोनार आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने कसोटीच्या दगडावर थेंब घासला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "यात सोनं निघालं तर उद्यापासून मी भाजी विकतो."

झालं! बातमी हातात आली. नमुना खराब होऊ नये म्हणून घरी फ्रीझरमध्ये ठेवला. सकाळी बर्फ वितळवला तर लाल रंग गायब आणि तळाशी काळपट गाळ! बाटली नाचवत लॅबमध्ये गेलो.

"आता बोला! रंग उडाला तुमच्या सोन्याचा!"

तिने बाटली उजेडात धरली. "कुठे ठेवलेलीत?"

"फ्रीझरमध्ये."

"अहो काका, मारलंत त्यांना! गोठले की कण एकमेकांना चिकटतात, पुन्हा सुटत नाहीत."

म्हणजे पुरावा मीच नष्ट केला होता आणि वर खुलासाही मीच मागत होतो!

*

मग म्हटलं, माझ्यासमोर करून दाखवा. तिने सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळलं आणि त्यात सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचाच एक क्षार, पाण्यात विरघळवून एकदम ओतलं. पिवळा रंग गेला. पाणी स्वच्छ! मग काळपट, मग जांभळं, आणि शेवटी लालभडक. मी टेबलाखाली वाकून पाहिलं. रंगाची पुडी काही सापडली नाही.

"सायट्रेट वाढवलं की कण लहान, कमी केलं की मोठे," ती म्हणाली.

"जास्त घातलं की लहान? हे कुठलं गणित?"

"आमच्या घरचंच आहे, काका! आजोबांची जमीन होती तेवढीच राहिली. वारस वाढले, गुंठे कमी झाले. इथेही सोनं तेवढंच. सुरुवातीलाच जास्त कण जन्मले तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं येतं."

जमिनीच्या वाटण्यांच्या बातम्या मी आयुष्यभर केल्यात. पटलं. पटलं म्हणूनच संशय आणखी वाढला!

*

तिचे गाइड पेंडसे सर. पस्तीस वर्षं टायट्रेशन शिकवलेला माणूस. एका हाताने बुरेटची चावी फिरवायची आणि थेंब मोजायचे, यातच हयात गेलेली. तिचा प्रयोग ते स्वतः करून बघायचे, तर दर वेळी जांभळं पाणी! कारण सायट्रेट ते ड्रॉपरने सोडायचे, थेंब थेंब.

"सर, एकदम ओता ना," ती काकुळतीला येऊन सांगायची. "हळू घातलं की सुरुवातीला थोडेच कण जन्मतात आणि सगळं सोनं त्यांच्यावरच चढतं."

"ओततात तो उसाचा रस! केमिस्ट्रीत थेंब सोडतात."

"पण सर..."

"तुझ्या हातून लाल आणि माझ्या हातून जांभळं. म्हणजे एक तर तू निकाल बनवतेस..."

"नाही तर काय, सर?"

"नाही तर काही नाही!"

आणि या गृहस्थांनी विद्यापीठाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, की माझ्या विद्यार्थिनीचे निष्कर्ष पुन्हा मिळत नाहीत! झालं, समिती नेमली गेली. समितीसमोर लाल आलं नाही तर प्रबंध परत आणि मुलीची सहा वर्षं पाण्यात.

*

त्या आठवड्यात तिचे वडील लॅबमध्ये आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, दारात बुलेट. त्यांनी आधी मला बाजूला घेतलं.

"साहेब, तुम्ही पेपरवाले ना? सहा वर्षं पोर सोनं सोनं करते. घरी नाकातली फुली पण नाय आणली! खरं काय ते सांगा."

"अहो, मीही तेच शोधतोय."

"तुम्हाला पण नाय सापडलं?" ते एकदम खूश झाले. "मग पोर हुशार आहे!"

*

समितीच्या दिवशी मी कोपऱ्यात वही उघडून बसलो होतो. अध्यक्षबाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि चष्मा काढला.

"मुलीने केलं तर सर म्हणणार हातचलाखी. सरांनी केलं तर येणार जांभळं. तिसरा माणूस हवा." त्यांची नजर माझ्यावर आली. "तुम्ही कोण?"

"पत्रकार."

"केमिस्ट्री?"

"अकरावीत सोडली."

"या मुलीवर विश्वास आहे?"

"अजिबात नाही."

"उत्तम. गॉगल घाला!"

स्नेहलने मापं काढून ठेवली आणि ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिला बोलायला बंदी होती. तिच्या प्रबंधातलं पान समोर ठेवून मी एकेक ओळ वाचत गेलो. पाणी उकळलं. पुढची ओळ होती, 'सायट्रेट एकदम ओतावे.' सरांनी माझ्यापुढे ड्रॉपर धरला. "हळू! हळू हं!"

हळू घ्या, असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलंय. मी सायट्रेटचं बीकर उपडं केलं.

पाणी स्वच्छ झालं. आणि स्वच्छच राहिलं. स्नेहलने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. मग तळातून काळपट छटा चढली, शाईसारखी झाली, जांभळी झाली... आणि लाल! तोच, बाटलीतला लाल!

थंड करून रंग मोजायच्या यंत्रात घातलं. प्रबंधात आलेखाचं टोक जिथे होतं, तिथेच टोक. अध्यक्षबाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले, 'निष्कर्ष पुन्हा मिळाले' असं लिहिलं आणि सही केली. स्नेहल तिथेच स्टुलावर बसली आणि रडायला लागली.

पेंडसे सर मात्र फ्लास्क हातात घेऊन उजेडात फिरवत राहिले. कितीतरी वेळ. मग ते माझ्याजवळ आले, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले,

"पत्रकार म्हणवता ना? ओळखपत्र दाखवा!"